फुकटात पाहिलेली घरं

"नाव?"

"प्रधान," मी म्हणालो. "व्ही. आर. प्रधान. आणि ही मिसेस प्रधान."

मिनीबसच्या दारात यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं लिहून घेतलं. मग मोबाइल नंबर विचारला. मी आमचाच नंबर सांगितला, फक्त शेवटचा आकडा बदलून. असं करायची आता सवय झाली होती. नववी का दहावी वेळ असेल.

"बसा सर. पुढच्या सीटवर बसा. मॅडम, सांभाळून."

हिरा पाय वर टाकून चढली. खिडकीशी बसली. पहिल्या वेळी मी 'मिसेस प्रधान' म्हणालो होतो तेव्हा ती पदर तोंडाशी धरून शालिमारपासून आडगावपर्यंत हसत होती. त्या दिवशी हसली नाही. पर्स मांडीवर घेऊन नीट बसली.

माझं नाव वामन खैरनार. सातपूरच्या एका कंपनीत चौतीस वर्षं टर्नर होतो. प्रधान हे आमच्या वर्क्स मॅनेजरचं नाव. घर घ्यायला निघालेल्या माणसाचं नाव असं असावं, म्हणून मी ते घेतलं होतं. ही गोष्ट दोन हजार नऊ सालच्या फेब्रुवारीतली. मी रिटायर होऊन वर्ष झालं होतं. हिराला जाऊन आता तीन वर्षं झाली. अजूनही रविवारी मला सहाला जाग येते. उठून दाढी करतो. कुठं जायचं नसतं.

आमचा हा उद्योग सुरू झाला तो वाचनालयात. पेपर मी कधी विकत घेतला नाही, वाचनालयात जाऊन वाचायचो. तिथं एका शनिवारी जाहिरात दिसली. 'मोफत साइट व्हिजिट. जाण्यायेण्याची सोय. भोजन.' मी दोनदा वाचली. कुठं काही अट लिहिलेली नव्हती. घरी येऊन हिराला म्हणालो, "उद्या फिरायला जाऊ. जेवणसुद्धा आहे. एक रुपया लागणार नाही."

"घर बघायला?"

"बघायलाच. घ्यायला थोडंच."

तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार तरी आम्ही जायचो. बस सीबीएसच्या एसटी स्टँडवरून सुटायची. घरापासून तिथपर्यंत आम्ही चालत यायचो, रिक्षा केली तर मग फुकट कसलं? मी कंपनीनं रिटायरमेंटला दिलेल्या कापडाचा सफारी घालायचो. हिराची एक मोरपंखी साडी होती, ती नेसायची. बिल्डरची पोरं-पोरी सर-मॅडम करायची, थंड पाणी द्यायची. निघायची वेळ झाली की आमच्यापैकी एकानं म्हणायचं, "गुरुजींना दिशा दाखवून सांगतो." हे आमचं ठरलेलं वाक्य होतं. त्यावर कुणी काही बोलू शकत नाही. आणि हिराच्या पर्समध्ये दुधाच्या धुतलेल्या पिशव्या असायच्या. त्यात रात्रीपुरत्या चार पुऱ्या यायच्या.

लाज नाही वाटायची का, असं कुणी विचारेल. मला नाही वाटायची. आमच्याकडे सगळंच तसं होतं. साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवायची. टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं उभी कापून आतून पुसून घ्यायची. शेगडीचा दुसरा बर्नर पेटवायला पहिल्यावरच जळकी काडी धरायची. मोबाइल दोघांत एक, तोही फक्त आलेला फोन घ्यायला. कुणाला बोलायचं असेल तर मिस्ड कॉल द्यायचा, तोही मीच. आणि दिवसा दिवा लावायचा नाही.

हे शेवटचं हिराला जड जायचं. रविवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी होती. मागची खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिच्यामागे शेजारच्या इमारतीची भिंत. खिडकी नाही. हिरा तांदूळ निवडायला पुढे यायची, भाजी चिरायला पुढे यायची, फक्त फोडणीला आत जायची. डब्यांच्या जागा हातांना पाठ होत्या. दुपारी पुढच्या खिडकीत बसून ती लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. त्याचे पैसे तिचे होते. तिच्या खात्यात जायचे, त्यात मी कधी लक्ष घातलं नाही. भाडं इतकं जुनं होतं की सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नसता. मूलबाळ आम्हाला झालं नाही. दोघांना दोन खोल्या पुष्कळ, असं मी म्हणायचो. ती सुईत दोरा ओवत राहायची.

बस भरली. आमच्या मागच्या सीटवर एक गृहस्थ येऊन बसले आणि पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काय प्रधानसाहेब! मागच्या रविवारी आडगावला दिसला नाहीत?"

हे बागुल सर. रिटायर्ड शिक्षक. तेही आमच्यासारखेच फुकट घरं बघणारे. त्यांनी मला ओळखलं होतं, मीही त्यांना ओळखलं होतं, पण उघड कधी बोललो नव्हतो.

"तब्येत बरी नव्हती," मी म्हणालो. "कसं होतं?"

"फ्लॅट बरे होते. जेवण अगदीच सुमार. नुसता उपमा हो! दहा किलोमीटर नेऊन उपमा खायला घालतात म्हणजे काय?" मग आवाज खाली करून म्हणाले, "आज जिलेबी आहे. मी काल फोन करून विचारून घेतलं."

"तुमचं काही ठरतंय का?"

"मुलगा दुबईला आहे ना. तो आला की बघू."

त्यांचा मुलगा सिन्नरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. ते त्यांनीच मला एकदा बोलता बोलता सांगितलं होतं आणि विसरून गेले होते.

बस मखमलाबादच्या बाजूला वळली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. हिरा बाहेर बघत होती. बागुल सर म्हणाले, "वहिनी आज गप्प?"

"बघतेय," ती म्हणाली.

स्कीमचं नाव 'द्राक्षकुंज' होतं. तीन इमारती अर्ध्या वर आलेल्या, विटा उघड्या, आणि समोर तळमजल्यावर एक फ्लॅट पूर्ण सजवून ठेवलेला. दारात एक मुलगी उभी होती. बाविसेक वर्षांची असेल. उन्हात काळा कोट घातलेला, कपाळावर घाम.

"नमस्कार काका, नमस्कार काकू. मी वृषाली. मी दाखवते तुम्हाला. चपला बाहेरच काढल्या तर बरं होईल."

आत गार होतं. हॉलमध्ये सोफा, भिंतीवर टीव्ही. मी जाऊन टीव्हीवर बोटानं टकटक केलं. पुठ्ठ्याचा होता. टेबलावर सफरचंदं होती, तीही प्लास्टिकची. ही माझी गंमत असायची. मी हिराला डोळ्यानं खूण करायचो आणि ती ओठ दाबून हसायची. त्या दिवशी मी वळून बघितलं तर हिरा मागे नव्हती.

ती स्वयंपाकघरात होती.

छोटंच होतं. काळ्या कडप्प्याचा ओटा, भिंतीला पांढऱ्या फरशा, आणि ओट्याच्या अगदी समोर खिडकी. खिडकीतून ऊन ओट्यावर पडलं होतं. हिरानं त्या उन्हात हात ठेवला होता. तळवा खाली करून.

"ओट्याची उंची बरी आहे," ती म्हणाली. "नाहीतर उंच करून ठेवतात. माझ्यासारखीला पाट घेऊन उभं राहावं लागतं."

"आपण कस्टमाइज पण करून देतो काकू," वृषाली म्हणाली.

"नको, हीच बरी." मग तिनं ओट्याच्या खालची जागा वितीनं मोजली. एक, दोन, अडीच. "पिठाचा डबा बसेल. अहो, पिठाचा डबा बसेल इथं."

"बसेल की," मी प्रधानसाहेबांच्या आवाजात म्हणालो. मनात म्हटलं, आज हिनं चांगलंच मनावर घेतलंय. वितीनं मोजणं नवीन होतं. याआधी ती नुसती मान हलवायची.

"इथं ऊन किती वाजेपर्यंत असतं गं?" हिरानं विचारलं.

वृषाली गडबडली. "ऊन? काकू, लोक मला पार्किंग विचारतात. ऊन कुणी विचारलंच नाही अजून. थांबा, मी साहेबांना फोन लावते."

"साहेबांना काय माहीत?" हिरा म्हणाली आणि तिनं खिडकी सरकवली.

खिडकीबाहेर पलीकडे पत्र्याची खोली होती, वॉचमनची. त्याची बायको दगडावर कपडे धूत होती. कडेला एक शेळी बांधलेली.

"अगं ताई," हिरानं हाक मारली. "या खिडकीत ऊन कधी येतं?"

बाईनं हातानं डोळ्यांवर सावली धरली. "आठला येतं बघा. दहापातूर राहतं. मग तिकडं फिरतं, गॅलरीत."

"दहापर्यंत?"

"दहापातूर. उन्हाळ्यात साडेधापातूर म्हना."

"आणि पाणी? टँकर लागतो का?"

वृषालीनं पुढं होऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. बाई म्हणाली, "मे महिन्यात लागतो. आठ-दहा दिस. खोटं कशाला सांगू?"

"काकू, ते आता पाइपलाइनचं काम..." वृषाली म्हणायला लागली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"असू दे गं," हिरा म्हणाली. "आठ-दहा दिवस सगळीकडेच लागतो. बाईनं खरं सांगितलं ते बरं झालं." आणि खिडकीतून म्हणाली, "तुझं नाव काय?"

"गंगूबाई."

"बरं गंगूबाई."

मी भिंतीला टेकून बघत होतो. मला वाटलं, काय बाई आहे ही. नाटकात असती तर नाव काढलं असतं. गेली तीस-पस्तीस वर्षं माझ्यासमोर पोळ्या लाटत होती आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं.

मग मीही रंगात आलो. बेडरूममध्ये जाऊन म्हणालो, "दोन फ्लॅट शेजारीशेजारी घेतले तर भावात काय फरक पडेल?"

"दोन?" वृषालीनं डायरी उघडली.

"अहो," हिरा म्हणाली. "दोन काय करायचेत? एक पुरे."

"बोलू तर दे गं."

"एक पुरे," ती परत म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण वृषालीनं डायरी मिटली.

आम्हाला ऑफिसात नेलं. चहा आला. वृषालीनं किमतीचा कागद पुढं सरकवला. तो आकडा मी आज लिहीत नाही. एवढंच सांगतो की तो वाचून मला धक्का बसला नाही. माझा फंड आणि ग्रॅच्युइटी बँकेत होती, आणि आकडा त्यात बसत होता. मी कागद नुसता बघितल्यासारखा केला.

"काकू, असाच तळमजल्यावरचा पूर्वेकडचा एकच राहिलाय," वृषाली म्हणाली. "टोकन दिलं तर मी तुमच्यासाठी अडवून ठेवू शकते. पंचवीस हजार. बाकीचं नंतर, लोन किंवा..."

"चेक चालेल का?" हिरानं विचारलं.

मी दोनदा खोकलो. हीसुद्धा आमची खूण होती, आता पुरे म्हणायची. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"चेक चालेल काकू!" वृषाली खुर्चीत पुढं सरकली.

मी कप खाली ठेवला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. "आम्ही जरा गुरुजींना दिशा दाखवून सांगतो."

"गुरुजींना काय विचारायचंय?" हिरा म्हणाली. "मला पसंत आहे."

भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. मग मी मोठ्यानं हसलो. "बघा! बायकांना ओटा दिसला की झालं. जेवण लागलंय का हो?"

मांडव बाहेर घातला होता. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी. बागुल सर आधीच रांगेत होते. मला म्हणाले, "वहिनी आज फारच रंगल्या. मी दारातून ऐकत होतो. चेक चालेल का! मी तर घाबरलो, म्हटलं खरंच घेताय की काय."

"तिची कला आहे ती," मी म्हणालो.

"कला आहे, कला आहे. या, इथं गरम पडतायत."

मी तीन जिलेब्या घेतल्या. नंतर आणखी दोन. हिरा ऑफिसातून बाहेर आली नव्हती. काचेतून दिसत होती. वृषालीच्या टेबलाशी वाकून कागदावर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, प्रधान लिहीत असेल. बागुल सरांनाही मी तेच सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो.

ती आली तेव्हा रांग संपत आली होती. अर्धी पुरी खाल्ली, भात घेतला नाही. मी खुणावलं, पिशवी काढ. तिनं पर्स उघडलीच नाही.

"घेऊन चल की चार."

"नको. आज मी घरी करते."

परतीच्या बसमध्ये मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "आज तू कमाल केलीस. त्या पोरीचा चेहरा बघितलास? चेक चालेल का! आणि ती शेळीवाली..."

ती बाहेर बघत होती. बस पेठ नाक्याशी आली तेव्हा म्हणाली, "दहापर्यंत ऊन असतं."

मी इतका हसलो की पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून बघितलं.

सीबीएसला उतरलो. घराकडे चालत निघालो. मेन रोडला दुकानं बंद होती, रविवार. एका बंद शटरपाशी ती थांबली. चपलेत खडा गेला असेल असं मला वाटलं.

"अहो," ती म्हणाली. "आपल्याला झेपलं असतं का?"

"काय?"

"ते घर."

"झेपायला काय," मी म्हणालो. "झेपलं असतं. पण इथलं भाडं बघ आणि ते बघ. आणि आपण दोघं. कुणासाठी?"

"आपण दोघं आहोत ना."

"चल, ऊन लागतंय," मी म्हणालो.

मला वाटलं, खेळ अजून चाललाय. घरी पोचेपर्यंत तिला बोलू द्यावं.

सोमवारी ती नेहमीसारखी होती. मंगळवारी तिनं तीन साड्यांचे फॉल एका बैठकीत पुरे केले, ते मला जास्त वाटले. त्या दिवशी ती बँकेतही जाऊन आली. चालत गेली, चालत आली. विचारलं तर म्हणाली, "पुस्तक भरून आणलं." संध्याकाळी तिनं मोबाइल घेऊन मला दाखवला. "याचा आवाज मोठा कसा करायचा?"

"कशाला?"

"ऐकू येत नाही कधी कधी."

मी करून दिला.

बुधवारी मी जेवून नेहमीप्रमाणे दीड वाजता आडवा झालो. दुपारी मी तीनपर्यंत झोपायचो, ही तीस वर्षांची सवय. रात्रपाळीची. हिरा म्हणाली, "मी गच्चीवर कपडे घालून येते. लगेच येते." बादली घेऊन गेली. मोबाइल तिनं पुढच्या खिडकीत ठेवला होता, फॉलच्या डब्याशेजारी.

झोप लागत नव्हती. खाली कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं. तेवढ्यात फोन वाजला. आवाज मोठा केलेला, मी दचकून उठलो. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"हॅलो, काकू?"

मी फोन कानाशी धरून उभा राहिलो.

"हॅलो, हिराबाई वामन खैरनार आहेत का? मी वृषाली बोलतेय. द्राक्षकुंजमधून. सॉरी हां, त्यांनी अडीचला करायला सांगितलं होतं, काका झोपलेले असतात म्हणून. पण मला साहेबांबरोबर दुसऱ्या साइटला जायचंय, म्हणून आत्ताच करतेय. आज संध्याकाळपर्यंतच मी तो फ्लॅट अडवू शकते. त्यांचा चेक तयार आहे म्हणाल्या होत्या. मी घ्यायला येऊ का?"

मी एवढा वेळ लिहिलं की मला वाटलं ती नाटक करतेय. रविवारचं मी असंच सांगत आलोय, बागुल सरांना, स्वतःला, आणि आता इथं. रविवारचं कदाचित खरंही असेल. पण बुधवारी दोन वाजून पाच मिनिटांनी मला सगळं कळलं होतं. तिचं नाव, माझं नाव, आडनाव. शेवटचा आकडा बरोबर. त्या कागदावर तिनं काय लिहिलं होतं ते मला डोळ्यासमोर दिसलं.

"रॉंग नंबर," मी म्हणालो.

"काका, हा खैरनारांचा..."

"इथं खैरनार नावाचं कुणी राहत नाही. हिराबाई पण नाही. परत करू नका."

मी फोन कापला आणि होता तिथं ठेवला. डब्याशेजारी, तसाच तिरका.

का केलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पैसे होते. कुणी अडवलेलं नव्हतं. तिला माझ्याकडे मागायचंसुद्धा नव्हतं त्या दिवशी, पहिला चेक तिच्या स्वतःच्या खात्याचा होता. मला एवढंच आठवतं की छातीत धडधडत होतं, जसं कंपनीत मशीनचा चुकीचा लिव्हर ओढला गेल्यावर व्हायचं. आणि मी पुन्हा आडवा झालो.

हिरा जिन्यावरून आली. बादली मोरीत ठेवल्याचा आवाज आला. तिनं दारातून माझ्याकडे बघितलं असणार. मी डोळे मिटून पडलो होतो आणि श्वास झोपेतल्यासारखा घेत होतो.

ती खिडकीत येऊन बसली. तिनं फोन उचलून बघितला असेल. आकड्यांतलं तिला कळायचं, पण फोनमधलं आत जाऊन बघायचं तिला येत नव्हतं. मीच कधी शिकवलं नव्हतं. साडी मांडीवर ओढल्याचा आवाज आला. मग सुई टोचून दोरा ओढल्याचा. तो आवाज मला पाठ होता.

मी पापण्यांच्या फटीतून घड्याळ बघितलं. दोन पंचवीस. ती केस नीट करत होती. हातानं, आरशाशिवाय. फोनवर बोलायचं होतं तरी.

अडीच वाजले. पाऊण तास गेला. सुईचा आवाज थांबला होता. एकदा तिनं फोन उचलला, कानाशी लावला, खाली ठेवला. बंद पडलाय का ते बघत असेल. आपण होऊन फोन लावायचा नाही, हा घरातला नियम मी केला होता आणि तिनं तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही. मला वाटत होतं, आता उठावं. उठून म्हणावं, अगं, त्या पोरीचा फोन आला होता, मी चुकून कापला, चल, रिक्षानं जाऊ. रिक्षानं. हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी कुशीवर वळलो आणि भिंतीकडे तोंड केलं.

साडेचारपर्यंत ती तिथं बसून होती. मीही तेवढा वेळ झोपलेला होतो. एवढा वेळ मी कधी झोपायचो नाही, हे तिच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

मग ती आत गेली. त्या अंधाऱ्या खोलीत भांडं वाजलं, गॅस पेटला. चहा घेऊन आली.

"उठा. किती झोपलात."

"हो. डोळा लागला."

"कुणाचा फोन आला होता का, मी वर होते तेव्हा?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं कप माझ्या हातात दिला.

तो फ्लॅट गेला. नंतर ती स्कीम पुरी झाली, तिथं लोक राहायला गेले. त्या बाजूला मी पुन्हा कधी गेलो नाही.

पुढच्या शनिवारी वाचनालयात मी एक जाहिरात पाहिली. पाथर्डी फाट्याजवळ होती, दुपारचं जेवण. घरी येऊन सांगितलं. ती पुढच्या खिडकीत भाजी चिरत होती.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "मला नको आता."

"का गं? गुडघे?"

"गुडघे काही नाही." थोडा वेळ ती चिरत राहिली. "त्या पोरी बोलतात गोड, अहो. काकू काकू करतात. फोन करते म्हणतात आणि विसरून जातात. एक फोनसुद्धा करत नाहीत."

मी दारात चप्पल काढत होतो. एक काढली होती, एक पायात होती.

"हो," मी म्हणालो. "तशाच असतात त्या."